विश्लेषण : पुस्तकातली वही का फसली? शाळेच्या आणि गावाच्या कामी ‘डिझाइन’ कसे येते?

दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून राज्य सरकारने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली. दोन वर्षे होत नाहीत तोच, जानेवारी २०२५ मध्ये, हा निर्णय मागे घ्यावा लागला. आता नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहेत. त्यामुळे हा प्रयोग का फसला, हे समजून घेण्याची हीच वेळ आहे.

निर्णय काय होता?

पुस्तकाचे चार भाग करायचे, म्हणजे मुलाला एका वेळी एकच भाग शाळेत न्यावा लागेल. धड्यांबरोबर कोरी पाने द्यायची, म्हणजे वर्गातल्या नोंदी तिथेच होतील आणि वेगळी वही लागणार नाही. ज्या पालकांना वह्यांचा खर्च झेपत नाही, त्यांनाही आधार मिळेल, असा विचार त्यामागे होता.

गरज खरीच होती. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे. म्हणजे २५ किलोच्या मुलाच्या पाठीवर अडीच किलोच. प्रत्यक्षात पुस्तके, वह्या, डबा आणि पाण्याची बाटली भरली की हा आकडा सहज ओलांडला जातो.

मग बिनसले कुठे?

पाने असूनही मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली. पानांचा अपेक्षेप्रमाणे वापर झाला नाही आणि दप्तरही हलके झाले नाही. हेच कारण निर्णय मागे घेताना पुढे आले.

वर्गात बसून पाहिले असते, तर हे आधीच दिसले असते. वही तपासायला शिक्षकांकडे गेली की दोन दिवस तिथेच राहते. वही पुस्तकातच असेल, तर तपासणीसाठी पुस्तकच द्यावे लागते. मग घरी अभ्यास कशावर करायचा? एखाद्या मुलाचे अक्षर मोठे, एखाद्याचे बारीक. कुणाला गणितासाठी चार पाने लागतात, कुणाला एक. छापलेल्या पानांची संख्या मात्र सर्वांना सारखी. शिवाय धाकट्या भावंडाला पुस्तक देण्याची सोयही लिहिलेल्या पुस्तकात उरत नाही.

यात दोष मुलांचा नाही, शिक्षकांचाही नाही. वही वर्गात कशी फिरते, कुणाच्या हातात किती वेळ असते, हे न पाहता वहीची जागा बदलली गेली. डिझाइनचा खरा अर्थ इथेच कळतो. मुखपृष्ठावरचे चित्र किंवा रंगसंगती हा त्याचा एक भाग झाला. वस्तू कोण, कुठे, कशी वापरणार, याचा आधी विचार करून तिला आकार देणे म्हणजे डिझाइन.

काड्या आणि व्हॉल्व्हट्यूब काय सांगतात?

याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ते काही काळ सहभागी झाले. खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. पण काडेपेटी प्रत्येक घरात होती आणि सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हट्यूब मिळत होती. ट्यूबच्या छोट्या तुकड्यात काड्या खोचून त्यांनी आकार बनवले.

काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. पूल आणि छप्पर बांधताना त्रिकोण का वापरतात, हे मूल मिनिटभरात स्वतःच्या हाताने शिकते. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामातली सर्जनशीलता महागड्या साधनांत नाही. शाळेत काय नाही याची यादी न करता, मुलाच्या आसपास काय आहे, इथून ती सुरू झाली.

क्यूआर कोड का टिकला?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मोबाइलवर कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. ही कल्पना आधी त्यांच्याच वर्गात चालली, मग राज्याच्या पुस्तकांत आली आणि पुढे एनसीईआरटीनेही ती उचलली. २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले.

कोऱ्या पानांची योजना वरून खाली आली, क्यूआर कोड खालून वर गेला. रोज मुलांसमोर उभ्या असलेल्या माणसाने तो आधी वापरून पाहिला होता. मात्र मर्यादा इथेही आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलासाठी कोड म्हणजे पानावरचा काळा-पांढरा चौकोनच. म्हणून कोडमागचा मजकूर छापील धड्याला पूरक हवा, त्याची जागा घेणारा नको.

संवादात डिझाइन कुठे येते?

१९५१च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता १८.३३ टक्के होती. त्याच सुमारास पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. नाव वाचता न येणाऱ्याने मत कसे द्यायचे? उत्तर होते चित्र. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. बैलजोडी किंवा झोपडी ओळखायला शाळेत जावे लागत नाही. साक्षरतेची वाट न पाहता लोकशाही सुरू करता आली, त्यात या साध्या रचनेचा मोठा वाटा आहे. ‘नोटा’चा पर्याय २०१३ मध्ये आला, तेव्हा त्यालाही चिन्हाची गरज भासली. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तयार केले आणि २०१५ पासून वापरात आले.

आता आपल्या सरकारी अर्जांकडे पाहा. बारीक टाइप, ‘उपरोक्त’ आणि ‘सदर’ यांची रांग, आणि नाव लिहायला जेमतेम दोन बोटे जागा. नागरिकाला अर्ज भरून देणारा माणूस शोधावा लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. वाईट रचनेची किंमत अशी गरिबाच्या खिशातून जाते.

गाव बदलण्याशी याचा काय संबंध?

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे कमी पावसाच्या पट्ट्यातले गाव. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तिथे मृद्संधारणाची आणि जलसंधारणाची कामे झाली. पण बंधारे इतरत्रही झाले. हिवरे बाजारचे वेगळेपण पाण्याच्या ताळेबंदात आहे. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, हे मांडायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. उसासारखी पाणी पिणारी पिके नाहीत आणि शेतीसाठी बोअरवेलही नाही.

भूजल कुणाला दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण उपसतो. ताळेबंदाने ते सर्वांना दिसू लागले आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर गावाला एकत्र बोलता आले. इथे आकडे मांडण्याची पद्धत हीच रचना ठरली.

आता काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट, नवे पुस्तक किंवा अर्ज राज्यभर जाण्याआधी तो वेगवेगळ्या परिस्थितीत वापरून पाहावा. एक आदिवासी पाड्यावरची शाळा, एक महापालिकेची, एक दोन शिक्षकी आणि एक भरगच्च वर्गाची, अशा शाळांत किमान एक सत्र. दुसरी, तिथे मुले पुस्तकाचे काय करतात हे पाहायला तज्ज्ञांनी स्वतः वर्गात बसावे. नुसते अहवाल मागवू नयेत. तिसरी, मुंबईतल्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र १९६९ पासून आहे. अशा संस्थांची मदत मुखपृष्ठ ठरवताना नव्हे, तर योजना ठरवतानाच घ्यावी.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. योजना मागे घेतली की ती विसरून जाण्याची सवय सोडावी. कोऱ्या पानांवर कागद, छपाई आणि वाहतुकीचा खर्च झाला. निदान त्यातून काय शिकलो, याचा तपशीलवार अहवाल शिक्षक आणि पालकांसमोर यायला हवा. निर्णय मागे घेतल्याने दप्तर आपोआप हलके झालेले नाही. ते मुलांच्या पाठीवर आजही आहे आणि पुढचा उपाय निघेल तेव्हा त्याची पहिली चाचणी त्या पाठीवरच व्हायला हवी.