सांगावे काय, झाकावे काय

आमच्या वर्गाचे हस्तलिखित दिवाळीच्या आधी निघते. यंदा मुलांना म्हटले, "स्वतःविषयी लिहा." एका मुलीने वडिलांची नोकरी सुटल्यानंतरचे घर लिहून आणले. वाचून मी गप्पच झालो. पण त्यात चाळीचे नाव होते, कारखान्याचे होते. आईने गहाण टाकलेल्या पाटल्या किती तोळ्यांच्या, तेही होते.

"अगं, पाटल्या आईच्या. तिला विचारलेस?"

"सर, हे सगळे काढले तर उरेल काय?"

मी रमाबाई रानड्यांचे नाव घेतले. शिकतात म्हणून त्यांनी घरातल्या बायकांची बोलणी खाल्ली, ते त्यांनी लिहिले. पण १९१० साली, न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षे झाल्यावर. "तू नऊ वर्षे नको, आठ दिवस थांब."

आठ दिवसांनी लेख आला. चाळ गेली, कारखाना गेला, तोळे गेले. एक ओळ मात्र नवी होती: आई पोळ्या लाटते, पण आता आवाज येत नाही.

"आईला वाचून दाखवले, सर. म्हणाली, आकडा काढ. पाटल्या राहू देत."

मंडळी, मी त्या लेखाला गुण दिले नाहीत. पहिल्या पानावर जागा दिली.