दिवे बंद करा ना, राव!

वजन सुमारे ४५ ग्रॅम. म्हणजे आपल्या बुलबुलापेक्षा फार जास्त नाही. आयुष्य मात्र तीस-पस्तीस वर्षांचंसुद्धा असू शकतं! लीचचा स्टॉर्म पेट्रेल हा काळपट पक्षी वर्षातला बराचसा काळ खुल्या समुद्रावर काढतो. जमिनीवर यायचं ते फक्त विणीपुरतं, आणि तेही अंधार पडल्यावर.

कारण सरळ आहे. पाय इतके नाजूक की जमिनीवर धड चालता येत नाही. दिवसाढवळ्या उतरला तर कुरव पक्षी त्याचा नाश्ता करणार. चांदण्या रातीसुद्धा हा जरा जपूनच असतो. आणि मिट्ट काळोखात, हजारो बिळांमधून स्वतःचं बीळ शोधतो कसा? तर चक्क वासावरून.

संसार म्हणाल तर वर्षाला एकच अंडं. नर-मादी काही काही दिवसांच्या शिफ्ट लावून ते उबवतात. एक जण बिळात, दुसरा शेकडो किलोमीटर दूर समुद्रावर पोटापाण्याच्या मागे. पिल्लू झालं की रात्री येऊन त्याला तेलकट खाऊ भरवायचा. ते खाऊन खाऊन पिल्लू आईबापांपेक्षा जड होतं! (आपल्याकडच्या आज्यांना हा पक्षी फार आवडला असता.) आणि हे पिल्लू स्वतः संसाराला लागणार ते साधारण पाच वर्षांनी.

आता मुद्द्याचं. या पक्ष्याची जगातली सगळ्यात मोठी वसाहत कॅनडात, न्यूफाउंडलंडजवळच्या बॅकालू बेटावर आहे. १९८४ साली तिथे सुमारे ३४ लाख जोड्या होत्या. २०१३ च्या मोजणीत उरल्या सुमारे २० लाख. २०१६ पासून आययूसीएनच्या यादीत हा पक्षी ‘असुरक्षित’ आहे. कुरवांची शिकार, समुद्रातले बदल अशी कारणं बरीच आहेत. पण त्यातल्या एका कारणाला बटण आहे. दिवे!

किनाऱ्यावरचे मासळीचे कारखाने, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म रात्रभर झगमगत असतात. पक्षी त्या उजेडाकडे ओढले जातात, खाली पडतात आणि बऱ्याच जणांना पुन्हा उडताच येत नाही. नुकतीच बिळाबाहेर पडलेली पिल्लं तर फारच फसतात. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला हे नुकसान लवकर भरून काढता येत नाही. चिमणीचं गणित इथे लागू होत नाही.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पण रात्रपाळीच्या माणसांनी काय अंधारात काम करायचं?" अजिबात नाही. पण उजेड कामाच्या जागेवर पाडा ना, आभाळात कशाला? दिव्यांना वरून झाकणं घाला, नको ते बंद करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पिल्लं बाहेर पडतात तेव्हा, आणखी काळजी घ्या. बॅकालूसमोरच्या किनाऱ्यावरच्या एका मासळी कारखान्यात दिवे कमी केले, तेव्हा पडणारे पक्षीही कमी झाले. हवामानबदलावर तोडगा काढायला पिढ्या जातील. हे काम आज रात्री होतं, आणि वर विजेचं बिलही वाचतं.

आपल्या ऑफिसात पाटी असते, शेवटी निघणाऱ्याने दिवे बंद करावेत. ४५ ग्रॅमचा हा जीव तेवढंच मागतोय.