पावसच्या वाटेवर, बंद काचांच्या आत

ऑगस्टमधील सुट्या जोडून आल्या की कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी या भागांतील मोटारी आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे निघतात. कोणी समुद्र पाहण्यास जातो, कोणी आप्तांकडे. रत्नागिरीहून भाट्ये खाडीचा पूल ओलांडून दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटर गेले की पावस येते. स्वामी स्वरूपानंदांनी १५ ऑगस्ट १९७४ रोजी तेथेच देह ठेवला. त्यांच्या समाधिमंदिरापाशी भर पावसातही वाहनांची रांग लागलेली असते. या प्रवासात कुटुंबे खाण्यापिण्याची, औषधांची आणि बालकांच्या कपड्यांची काळजी कसोशीने घेतात. मात्र सहा-सात तास ज्या हवेत पाच माणसे श्वास घेणार, त्या हवेचा विचार सहसा कोणी करीत नाही.

मलकापूर मागे पडते. आंबा गावाच्या पुढे ढग रस्त्यावर उतरलेले असतात. मोटारीत ओल्या छत्र्या, भिजलेल्या चपला आणि पाच जणांचा उष्ण श्वास. मागे बसलेल्या आजींना गारठा वाजतो म्हणून चालक एसी बंद करतो. पावसामुळे काचा बंदच असतात. पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी होते. शेजारी बसलेले काका रुमालाने ती पुसू लागतात. पुसलेला तुकडा क्षणभर स्वच्छ दिसतो आणि लगेच पुन्हा धूसर होतो. रुमालाने उमटलेल्या तेलकट रेघा समोरून येणाऱ्या दिव्यांत चमकतात आणि नेमक्या त्याच वळणावर समोरून एस.टी. उतरत असते.

येथे चूक चालकाच्या कौशल्यात नसते. एसी म्हणजे केवळ गारवा देणारे यंत्र, हा जो समज आपल्याकडे रुजला आहे, त्यात ती चूक दडलेली असते. वस्तुतः एसी हवा थंड करण्याबरोबर ती कोरडीही करतो. त्याच्या आतील थंड जाळीवर हवेतील बाष्प दवासारखे जमते आणि एका नळीवाटे मोटारीखाली ठिबकते. (उभ्या मोटारीखाली हे पाणी पाहून गळती झाली म्हणून गॅरेजकडे धावणारे लोक अद्यापही आढळतात. ते पाणी निरुपद्रवी असते. उलट दमट हवेत एसी चालू असूनही ते ठिबकत नसेल, तरच चौकशी करावी.) काच बाहेरून पावसाने गार झालेली असते आणि आत श्वासाचे बाष्प कोंडलेले असते. ते काचेवर जमणारच. त्यावर रुमाल हा उपाय नव्हे, कोरडी हवा हा उपाय आहे.

म्हणून घाटात एसी बंद करावयाचा नाही, चालूच ठेवावयाचा. गारठा वाजत असेल तर तापमानाची कळ निळ्या खुणेकडून तांबड्या खुणेकडे वळवावी. कोकणात किंवा देशावर ती तांबडी खूण वर्षानुवर्षे कोणाच्या बोटाला लागत नाही. हीटर हिमालयात जाणाऱ्यांसाठी असतो, अशीच कल्पना असते. पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत हीटर इंजिनाच्या गरम पाण्याची वाया जाणारी उष्णता वापरतो, त्यामुळे त्यासाठी वेगळे इंधन जवळजवळ लागत नाही. एसी आणि हीटर एकाच वेळी चालू ठेवणे अनेकांना विचित्र वाटते. परंतु आधी हवा कोरडी व्हावी, मग ती कोमट होऊन काचेवर जावी, यासाठीच ती योजना असते. हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा आणि बाहेरची हवा आत येऊ द्यावी. एक-दोन मिनिटांत काच आपोआप उजळते. आजींचा गारठाही जातो.

बाहेरची हवा आत घेण्याचा हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मोटारीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेले एक बटण असते. ते दाबले की बाहेरची हवा जवळजवळ बंद होते आणि आतलीच हवा पुनःपुन्हा फिरते. उन्हाळ्यात लवकर गारवा मिळावा म्हणून हे बटण दाबले जाते आणि पुढे पावसाळा येईपर्यंत ते तसेच राहते. पावसात तेच बटण काच धूसर करते, कारण बाष्पाला बाहेर जाण्यास वाट उरत नाही.

घाट उतरून हातखंब्यामार्गे किनाऱ्याकडे आल्यावर मात्र चित्र उलटे होते. रात्री भाट्ये ते पावस या रस्त्यावर खारी, दमट हवा असते. आत एसी जोरात आणि झोत समोरच्या काचेवर. आता काच आतून गार होते आणि दव बाहेरून जमते. चालक आतून पुसत राहतो, काहीही फरक पडत नाही. कोणत्या बाजूने काच धूसर झाली हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. वायपर फिरवताच ती स्वच्छ झाली तर दव बाहेर आहे. अशा वेळी तापमान थोडे वाढवावे आणि झोत काचेवरून काढून अंगाकडे किंवा पायांकडे वळवावा. घाटात जे औषध, तेच किनाऱ्यावर अपथ्य ठरू शकते, हे चालकास ठाऊक असलेले बरे.

परतीच्या प्रवासात आणखी एक गोष्ट घडते आणि तिला बहुधा जेवणाचा दोष दिला जातो. दुपारी भोजन करून मंडळी निघतात. साखरपा येण्याच्या आत मागची सर्व माणसे झोपलेली असतात आणि चालकही जांभया देऊ लागतो. पोट भरलेले असते, हे खरे. पण हवेचे गणितही मांडून पाहावे. लहान मोटारीत साधारण तीन हजार लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेला माणूस दर मिनिटास सुमारे पाव लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पाच माणसांचा हा हिशेब दहा मिनिटांत साडेबारा लिटरांवर जातो. फटींतून काहीच हवा आत आली नाही असे धरले, तर दहा मिनिटांत या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट होते. प्रत्यक्षात फटी असतात, म्हणून वाढ इतकी वेगाने होत नाही. परंतु गोल बाणाचे बटण दाबून तासभर गेले तर हवा कोंदट होतेच, डोके जड होते आणि डोळे मिटू लागतात. मागच्या माणसाला झोप लागली तर काही बिघडत नाही. चालकाला लागली तर काय होते, हे घाटातील कठड्यांकडे पाहून कळते.

धूर ओकणाऱ्या मालमोटारीमागे अडकले असता पाच-दहा मिनिटे बाहेरची हवा बंद करणे योग्यच आहे. रस्ता मोकळा होताच ते बटण पुन्हा सोडावे.

येथवरच्या सर्व गोष्टी धावत्या मोटारीतल्या झाल्या. उभी मोटार मात्र अधिक फसवी असते.

उन्हात उभी असलेली मोटार आतून किती तापते, याचा अंदाज बाहेरच्या हवेवरून येत नाही. बाहेर तीस-बत्तीस अंश असले तरी अर्ध्या तासात आतील तापमान त्याहून जवळजवळ वीस अंशांनी वर जाऊ शकते. काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. बालकाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. जून २०२३ मध्ये नागपुरात घराजवळ खेळणारी तीन बालके उभ्या असलेल्या एका मोटारीत शिरली. दार आतून उघडले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा शोध लागला तेव्हा ती जिवंत नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिल येथे दोन लहान भावंडांचा असाच अंत झाला. या दोन्ही घटनांत कोणी बालकांना मोटारीत सोडून गेले नव्हते, मुले आपणहून आत गेली होती. म्हणून अंगणातील मोटारही कुलूपबंद असावी आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. ‘एसी चालू ठेवला आहे, दोन मिनिटांत दर्शन घेऊन येतो,’ असे म्हणून झोपलेल्या बालकास मोटारीत ठेवणे हीदेखील सोय नव्हे. इंजिन बंद पडू शकते, मूल जागे होऊन कोणतीही कळ ओढू शकते आणि देवळातील दोन मिनिटांची वीस कशी होतात, हे सर्वांस ठाऊक आहे.

तापलेल्या मोटारीसंबंधी एक संदेश भ्रमणध्वनीवर वर्षानुवर्षे फिरत आहे. एसी लावताच डॅशबोर्डमधून कर्करोगकारक वायू बाहेर पडतो, असे तो सांगतो. त्या भीतीला भक्कम आधार नाही. पण त्यातील उपाय, म्हणजे आधी दारे-काचा उघडून गरम हवा जाऊ देणे आणि मग एसी लावणे, हा चांगलाच आहे. कोंडलेली गरम हवा बाहेर काढणे हे ती थंड करण्यापेक्षा सोपे असते, एवढेच त्याचे साधे कारण आहे.

पावसाळ्यात उभ्या मोटारीचा धोका वेगळे रूप घेतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी बंद काचांच्या मोटारींत अडकून गेलेल्या माणसांची वृत्ते मुंबईतील कुटुंबे अद्याप विसरलेली नाहीत. बाहेर पाऊस, आत एसीचा कोरडा निवारा. त्यामुळे माणूस मोटारीतच थांबतो. तोवर पाणी चढते, विजेवर चालणाऱ्या काचा अडतात आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. सायलेन्सरच्या तोंडापर्यंत पाणी आल्यावर इंजिन चालू ठेवून आत बसणे, हा दुसरा धोका. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले की निवाऱ्याचा मोह सोडून पट्टा काढावा, काच खाली करावी आणि बाहेर पडावे. काच अडलीच तर बाजूची काच कोपऱ्यावर प्रहार करून फोडावी. समोरची काच दुहेरी थराची असल्याने तशी फुटत नाही. त्या पावसानंतर पुष्कळांनी मोटारीत लहान हातोडी बाळगण्यास प्रारंभ केला. ती डिकीत ठेवली तर तिचा उपयोग नाही, आसनाजवळ हवी.

इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, गंध नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसास यांतील काहीच जाणवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन कामगार मृतावस्थेत आढळले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा धूर आत शिरला होता, असे तज्ज्ञांच्या तपासणीत निष्पन्न झाले. साध्या मोटारीतही सायलेन्सरच्या नळीस गंज लागून भोक पडले असेल, मोटार बंदिस्त शेडमध्ये उभी असेल किंवा मागचा भाग चिखलाच्या बांधाला टेकला असेल, तर तोच वायू आत येऊ शकतो. खाऱ्या हवेत तळाचा पत्रा लवकर गंजतो. म्हणून किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या मोटारीचे सायलेन्सर पावसाळ्यापूर्वी एकदा वर उचलून तपासून घ्यावे. विजेवर चालणाऱ्या मोटारीत हा वायू नसतो. कोंदट हवेचा आणि उन्हाचा प्रश्न मात्र तिलाही आहे.

त्याच भेटीत एसीची हवा गाळणारी जाळी बदलून घेता येते. पावसाळ्यात तिच्यात ओल धरते आणि कुबट वास येऊ लागतो. त्यावर सुगंधी बाटली लटकवणे म्हणजे वासावर वास चढवणे. मुक्कामाला पोचण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर आतील जाळी सुकते आणि वास मुळातच धरत नाही.

आता राहिला प्रश्न चालकाचा. पुष्कळ कुटुंबे भाड्याची मोटार आणि चालक घेऊन पावसला येतात. पहाटे चारला सांगली सोडलेला चालक दहा-अकराला पावसला पोचतो. मंडळी दर्शन घेतात, प्रसाद घेतात, कोणी गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर, कोणी पूर्णगडाकडे पायी फेरी मारून येतो. चालकास परतीचा घाट चढावयाचा असतो, म्हणून तो झोपतो. बाहेर दमट उकाडा, डास आणि मध्येच पावसाची सर. साहजिकच काचा वर, इंजिन चालू, एसी चालू, आसन मागे. वाहनतळावर शेजारी उभ्या बसचे इंजिनही चालू असते आणि तिचा धूर याच्या मोटारीच्या हवा घेणाऱ्या तोंडापाशी येतो. दोन तास कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. ‘झोपू द्या बिचाऱ्याला,’ असे म्हणून मंडळी हळू पावलांनी पुढे जातात. त्यांच्या मनात दयाच असते.

तो दुसरीकडे झोपावा कोठे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सहा जणांची व्यवस्था करताना सातव्या माणसासाठी दोन तास पंख्याखाली एक सतरंजी किंवा चटई मागितली तर भक्तनिवासात, घरगुती खाणावळीत अथवा नातेवाइकांच्या पडवीत सहसा नकार मिळत नाही. हे चालकाने मागावे अशी अपेक्षा ठेवू नये; तो संकोचाने ‘मला गाडीतच बरं वाटतं’ असेच म्हणणार. मोटारीतच टेकावयाचे झाल्यास इंजिन बंद, मोटार झाडाच्या सावलीत आणि समोरासमोरच्या दोन्ही काचा खाली असाव्यात. डासांसाठी काचेला लावण्याची जाळी बाजारात मिळते. आणि देवळातून येताना प्रसादाचा द्रोण घेऊन कोणीतरी एकाने मोटारीपाशी जाऊन त्याला हाक मारावी. झोपमोड झाली तरी चालेल.