शंभर वाट्यांत पाऊण वाटी

ऑगस्ट २०२४ मधली एक संध्याकाळ. तोक्योतल्या निशी-कासाईच्या आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटात तांदूळ घ्यायला गेले, तर तांदळाची अख्खी फळी रिकामी. 'एका कुटुंबाला एकच पिशवी' असा कागद मात्र चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून अगदी सरळ डकवलेला. पिशवी एकही नाही, नियम जागेवर. बावीस वर्षं या देशात काढल्यावर अशा कागदांचं हसू येत नाही, उलट धीर येतो. त्या दिवशी आला नाही. मार्च २०११ च्या भूकंपानंतरही मी रिकाम्या फळ्या पाहिल्या होत्या, पण तेव्हा कारण सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी शेजारी उभी असलेली बाई फळीकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "ओकोमे, नाई." तांदूळ नाही.

कारण आठवड्याभरात टीव्हीने पुरवलं. कारणं तशी बरीच सांगितली जात होती, पण त्यातलं एक लोकांच्या तोंडात बसलं: परदेशी पर्यटक. येन स्वस्त झालाय, पर्यटकांच्या झुंडी येतायत, सुशी आणि ओनिगिरीवर ताव मारतायत, म्हणून तांदूळ संपला.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांना मी ओबाआसान म्हणते, त्या मला ओकुसान म्हणतात. मूळच्या नीगाताच्या, म्हणजे जपानच्या तांदळाच्या कोठारातल्या. कचऱ्याच्या पिंजऱ्यापाशी सकाळी भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, "परदेशी लोक फार भात खातात म्हणे." मग समोर कोण उभं आहे ते लक्षात येऊन तोंडावर हात ठेवत, "तुम्ही नव्हे हं! तुम्ही तर रोटी खाता."

माझं माहेर रत्नागिरीचं. सकाळी मऊ भात, दुपारी भात, रात्री भात. पोळी पाहुणे आले की. पण ते त्यांना कुठे सांगत बसू?

पुढे हिशोब बाहेर आला. जपानच्या कृषी मंत्रालयाने जून २०२४ पर्यंतच्या वर्षाची आकडेमोड केली. देशाची तांदळाची एकूण गरज सुमारे ७० लाख टन. त्यात परदेशी पर्यटकांच्या पोटात गेला अंदाजे ५१ हजार टन. म्हणजे शंभर वाट्यांत पाऊण वाटी. उरलेल्या सव्वानव्याण्णव वाट्यांचं काय झालं, हा खरा प्रश्न होता. पण पाऊण वाटीची गोष्ट सांगायला सोपी असते, तिला चेहरा असतो. सव्वानव्याण्णव वाट्यांना नुसतं धोरण असतं.

ते धोरण असं. १९६२ साली एक जपानी माणूस वर्षाला ११८ किलो तांदूळ खायचा. पुढे पाव आला, पास्ता आला, आणि आता तो जेमतेम पन्नासेक किलो खातो. भाव पडू नयेत म्हणून सरकारने १९७० च्या सुमारास शेतकऱ्यांना भात कमी लावायचे पैसे द्यायला सुरुवात केली. याला गेंतान म्हणतात. कागदावर ते २०१८ साली संपलं, पण जनावरांच्या चाऱ्याचा तांदूळ, गहू किंवा सोयाबीन लावलं की अनुदान मिळतच राहिलं. चारजण जेवायचे तर बरोबर चारजणांचा भात, एक शीत जास्त नाही, अशी ही रीत. आपल्याकडे आधणात तांदूळ वैरताना वर एक मूठ टाकतात, कोण येईल सांगता येत नाही म्हणून. जपानच्या शेतीने ती मूठ काढून टाकली होती.

आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पाचवा पाहुणा आला. इतकं तापलं की दाणे पांढुरके पडले, सडताना तुटले, पोत्यातून हाती येणारा चांगला तांदूळ घटला. ऑगस्ट २०२४ मध्ये मियाझाकीजवळच्या समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, मोठ्या भूकंपासाठी सावध राहा असा सरकारी इशारा आला, आणि ज्याने त्याने घरात दोन पिशव्या जास्तीच्या भरल्या. फळ्या रिकाम्या झाल्या त्या अशा.

पुढच्या वर्षात पाच किलोची पिशवी दोन हजार येनवरून चार हजार दोनशेच्या वर गेली, म्हणजे आपले अडीच हजार रुपये. मे २०२५ मध्ये कृषिमंत्री एतो ताकू एका सभेत बोलून गेले की, मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक इतका देतात की विकता येईल. तीन दिवसांत मंत्रिपद गेलं. जपानी मंत्र्याने बाकी काहीही बोलावं, तांदळाची थट्टा करू नये. १९१८ साली तोयामाच्या किनाऱ्यावरच्या कोळणी तांदूळ महागला म्हणून रस्त्यावर उतरल्या, दंगल देशभर पसरली आणि तेराउची मंत्रिमंडळ घरी गेलं. ती आठवण इथे शाळेच्या पुस्तकात आहे.

एतोंच्या जागी आलेल्या कोइझुमी शिंजिरो यांनी सरकारी गोदामातला तांदूळ थेट दुकानांना दिला, पाच किलो दोन हजार येनला. लोक पहाटेपासून रांगेत. टीव्हीवर वाट्या मांडून परीक्षा: हा नवा, हा जुना, हा 'को-को-को-माई', म्हणजे जुना-जुना-जुना तांदूळ. चव घेणाऱ्यांचे गंभीर चेहरे बघून मी एकटीच हसत होते. आमची आजी जुन्या तांदळासाठी वाण्याला दोन पैसे जास्त मोजायची. जुना तांदूळ फुलतो, मोकळा होतो, पोटाला हलका. जपान्यांचा जीव मात्र नव्या तांदळावर, शिनमाईवर. तो चकचकीत हवा, चिकट हवा. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात पीक बुडालं तेव्हा थायलंडहून आणलेला लांबडा, सुटा तांदूळ लोकांच्या घशाखाली उतरेना. ओबाआसान अजून सांगतात, "त्याला वास यायचा." त्या वासाला आपल्याकडे सुवास म्हणतात, हेही मी त्यांना सांगितलेलं नाही.

इथवरची गोष्ट तांदळाची. इथून पुढे ती आमच्यासारख्यांची होते.

जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. घरोघरी दुखणं महागाईचं होतं, पण चौकाचौकांत भाषणं ऐकू यायची ती परदेशी माणसांवर. 'जपानी माणूस आधी' अशी घोषणा देणारा सान्सेइतो हा पक्ष दोन जागांवरून पंधरावर पोचला. ऑगस्टमध्ये 'जायका'ने, म्हणजे मुंबईच्या मेट्रो ३ ला कर्ज देणाऱ्या त्याच संस्थेने, चार जपानी शहरं आफ्रिकेतल्या चार देशांची 'माहेरघरं' म्हणून जाहीर केली. हेतू इतकाच की शाळा, सण, उद्योग यांची देवाणघेवाण व्हावी. पण आफ्रिकेतून लोंढे येणार अशी आवई उठली, चारही नगरपालिकांचे फोन दिवसभर खणखणले आणि सप्टेंबरच्या अखेरीस योजनाच मागे घेतली गेली. त्याच ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी तोक्योत आले. पाच वर्षांत पाच लाख माणसांची ये-जा, त्यात भारतातून ५० हजार कुशल लोक जपानला, असं ठरलं. मग आवईत आमचीही वर्णी लागली.

मराठीत म्हण आहे, असतील शितं तर जमतील भुतं. जपानमध्ये उलटं झालं. शितं संपली तेव्हा भुतं दिसायला लागली.

परदेशी लोकांबद्दलच्या सगळ्याच तक्रारी खोट्या आहेत, असं मी म्हणणार नाही. आमच्याच इमारतीत जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या ठेवणारे देशबांधव मी पाहिले आहेत. रात्री साडेअकराला गच्चीवरून भारतात फोन लावून अख्ख्या मजल्याला आपला पगार ऐकवणारेही पाहिले आहेत. त्यांना सांगावं, नाही ऐकलं तर दंड करावा. त्यात मी ओबाआसानच्या बाजूने आहे. पण आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात ती एकाच भांड्यातल्या भाताची. नेपाळी विद्यार्थी, ब्राझीलहून आलेला कारखान्यातला कामगार, क्योतोत चार दिवस फिरायला आलेला पर्यटक आणि इथे दोन दशकं कर भरणारी मी, यांना एकाच भांड्यात घालून एकच शीत दाबून बघायचं, ही परीक्षा नव्हे. निशी-कासाई ज्या एदोगावा वॉर्डात येतं, त्याच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता. त्याला मतं इथल्याच लोकांनी दिली. तेच हे मतदार. लोक बदलले नाहीत, तांदळाचा भाव बदलला.

हे लिहिताना मला स्वस्थ वाटत नाही, आणि त्याचं कारण जपान नाही. माझे बाबा गिरगावच्या चाळीत वाढले. १९६६ नंतरच्या सभांना ते हौसेने जायचे. कारकुनाची नोकरी मिळत नव्हती आणि ती कुणी पळवली हे त्यांना व्यासपीठावरून सांगितलं जात होतं: लुंगीवाल्यांनी. कोपऱ्यावरच्या उडप्याची इडली खाऊन ते त्या सभांना जात, हे ते स्वतःच नंतर हसत सांगायचे. माझा काका परळच्या गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर त्याची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. पुढे जमिनींचं काय झालं ते आज तिथले टॉवर बघून कळतं. त्यात उडप्याचा हात कुठेच नव्हता. बाबांची नोकरीची वणवण खरी होती, त्यांचा राग खरा होता, पत्ता तेवढा चुकीचा होता. ओबाआसानने तोंडावर हात ठेवला तेव्हा मला आधी बाबा आठवले. त्या सभांतल्या गोष्टीतला बाहेरचा माणूस आता मी आहे.

आणि योग्य पत्त्यावर काय चाललंय? ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान इशिबांनी कबूल केलं की तांदूळ कमी पडत होता, आता उत्पादन वाढवायचं. ऑक्टोबरमध्ये ताकाइची सानाए पंतप्रधान झाल्या, जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्यांचे कृषिमंत्री सुझुकी नोरिकाझु म्हणाले, उत्पादन मागणीइतकंच ठेवायचं. म्हणजे पुन्हा चारजणांचा भात, वरची मूठ नाही. महागाईवर उपाय म्हणून तांदळाची कुपनं वाटायची चर्चा झाली. परदेशी माणसांच्या बाबतीत मात्र हात लगेच हलला. इथे छोटा धंदा चालवायच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल ऑक्टोबरपासून ५० लाख येनवरून ३ कोटींवर गेलं. नान-करीचं नवं दुकान टाकू बघणाऱ्यांची स्वप्नं त्यात मोडली. त्या नियमाने तांदूळ एका येननेही स्वस्त झाला नाही.

दर डिसेंबरला क्योतोच्या कियोमिझु मंदिरात वर्षाचं अक्षर जाहीर होतं. लोक मतं देतात आणि मुख्य पुजारी भल्यामोठ्या कुंचल्याने ते एक चित्राक्षर लिहितात. २०२५ साली १२ तारखेला त्यांनी 'कुमा' लिहिलं: अस्वल. त्या वर्षी अस्वलांच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसं दगावली, आकितात सैन्याची मदत घ्यावी लागली. दुसऱ्या क्रमांकावर होतं 'कोमे', तांदूळ. फरक जेमतेम १८० मतांचा. मला या दोन अक्षरांत एकच बातमी दिसते. डोंगरात अस्वलांचं खाणं कमी पिकलं हे खरंच, पण खालच्या गावांत माणसं उरली नाहीत, पर्सिमनची फळं झाडावरच राहतात, बांध झुडपांनी भरतात, म्हणून अस्वलं इतकी खाली उतरतात. आणि त्याच गावांत भात लावणाऱ्यांचं सरासरी वय सत्तरीच्या घरात आहे. २०२४ साली जपानमध्ये सात लाखांहून कमी जपानी मुलं जन्मली. या गावांची कुलपं कुणा पर्यटकाने लावलेली नाहीत.

ओबाआसानचा धाकटा भाऊ दर शरद ऋतूत नीगाताहून हातसडीसारख्या तपकिरी तांदळाचं तीस किलोचं पोतं पाठवतो. आम्ही दोघी ते ढकलगाडीवर घालून नाण्यावर चालणाऱ्या गिरणीत नेतो. शंभर येनचं नाणं टाकायचं, किती पांढरा हवा ते बटण दाबायचं. खाली येणारा तांदूळ दळणासारखा ऊन लागतो. कोंडा ओबाआसान लोणच्यासाठी ठेवतात, पाच किलो तांदूळ मला देतात. पैसे घेत नाहीत. मी डब्यातून वरणभात देते. आता त्यांना माहीत आहे की आम्ही भात खातो.

२०२५ च्या पोत्यात चिठ्ठी होती. भाऊ ८१ वर्षांचा आहे, गुडघे गेले, मुलगा नागोयात नोकरीला. पुढच्या वर्षी शेत लावणार नाही.