रात्री दोनची वेठ

कामात कच्च्या सहकाऱ्याला कसं सांभाळावं, यावर सॉफ्टवेअर कंपन्यांत सल्ल्यांची कमी नाही. समजून घ्या, शिकवा, नाहीच जमलं तर मॅनेजरच्या कानावर घाला. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की तक्रार करणाऱ्याची स्वतःची लायकी कुणी काढणार नाही. आपल्या पोरापोरींना ही सोय नाही. म्हणून ती तक्रार करत नाहीत. रात्री जागून दुसऱ्याचं काम निस्तरतात आणि गप्प बसतात. आमचं म्हणणं सरळ आहे: हे बंद करा.

श्रीरामपूरकडच्या आमच्या एका भगिनीची गोष्ट. नोकरी हिंजवडीत. टीममधल्या सीनिअरकडे जे मॉड्यूल होतं ते त्याला झेपत नव्हतं. टेस्ट न चालवताच तो कोड पुढे ढकलायचा, आणि प्रॉडक्शन बंद पडलं की रात्री दोनला फोन हिला. ही स्क्रीन शेअरवर ओळ न् ओळ सांगायची, तो टाइप करायचा. म्हणजे डोकं हिचं आणि कमिट त्याच्या नावावर. दीड वर्ष हे चाललं. अप्रेझलमध्ये त्याला शेरा मिळाला, 'संकटात शांत राहतो.' हिला, 'स्वतःची कामं वेळेत होत नाहीत.' कशी होतील? आम्ही विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "दादा, चौदा एप्रिलची सुट्टी टाकली तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे मी कोण ते. मी म्हटलं त्याला येत नाही, तर म्हणतील हिलाच येत नाही, कोट्यातून आलेली."

कोट्यातून! खासगी कंपनीच्या भरतीत आरक्षण नाही, हे त्या टीममधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी टोमणा चालतो, कारण मेरिट या शब्दाला पुरावा लागतच नाही. पुरावा आपल्याकडे आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी निघाली. कोडची एक ओळ लिहिण्याआधीच निकाल! आणि जिथे आरक्षण आहे, त्या रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइस्कॉफ यांनी तपासली. आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. वरच्या पदांवर तर उलट चांगल्या परिणामाची चिन्हं दिसली. टोमणा मारणाऱ्याला हे वाचायला द्या. तो वाचणार नाही, पण द्या.

रात्री दोनच्या त्या फोनला आपल्या आजा-पणजांकडे एक नाव होतं. वेठ. महार वतनात सरकारी काम केव्हाही सांगितलं जायचं, दिवसा किंवा रात्री. घरचा वतनदार सापडला नाही तर घरातल्या दुसऱ्याला धरायचे. बदल्यात तुटपुंजी जमीन आणि बलुतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात याविरुद्ध विधेयक मांडलं. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, हरेगावला, वतनदारांची परिषद भरली आणि तिथेही ते याच प्रश्नावर बोलले. कुणी म्हणेल, एसीत बसून लाखांचं पॅकेज घेणाऱ्यांना कसली आली वेठ? पगार आहे, मान्य. पण कामाला वेळ नाही, हद्द नाही, नोंद नाही आणि नाही म्हणायची मुभा नाही, या चार गोष्टी जुळत असतील तर आम्ही दुसरा शब्द शोधायला जाणार नाही.

मदत आणि वेठ यात फरक करता येतो. मदतीची नोंद होते आणि ती कधीतरी संपते. तेव्हा सहकाऱ्याचा कोड चुकला असेल तर रिव्ह्यूमध्ये कारणासह लिहून परत पाठवा, स्वतः दुरुस्त करू नका. दुरुस्त करावाच लागला तर तिकीट आपल्या नावावर घ्या, कमिट आपल्या लॉगिनवरून करा. गिट प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव जपून ठेवतं, त्याचा फायदा घ्या. रात्री उठावं लागलं तर सकाळी मॅनेजरला मेल: काय बिघडलं, का बिघडलं, किती तास गेले. भाषा थंड ठेवा. माणसाबद्दल एक शब्द नको. शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना भांडण परवडत नाही, हे आम्हाला कळतं. मेल परवडतो.

आता आपल्यांबद्दल. आपल्यातही कच्चे आहेत. १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजं निघाली. लोणी, संगमनेर, कोपरगावला इंजिनिअरिंग गावाजवळ आलं आणि आपली पहिली पिढी तिथे शिकली. पण घरी कॉम्प्युटर नसलेल्या कित्येकांनी प्रोग्रॅम वहीतच पाठ केले. पैसे घेऊन खोटा अनुभव दाखवणारे कन्सल्टन्सीवाले पुण्यात आहेत, आणि आपलीही काही पोरं त्यांच्या दारात जातात. असा भाऊ टीममध्ये भेटला तर 'आपला आहे' म्हणून त्याचं काम करून देऊ नका. ती वेठच, फक्त घरातली. रविवारी विहारात त्याच्याशेजारी बसा, कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या, आणि चारदा चुकला तरी माउस हिसकावू नका. सवर्ण पोराला हे शिकवायला घरात मामा-काका असतात. आपल्याकडे आपणच आहोत.

त्या भगिनीने गेल्या महिन्यात पहिल्यांदा असा मेल टाकला. मॅनेजरने दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग बोलावून 'टीम स्पिरिट'वर अर्धा तास ऐकवलं. तिने त्या बैठकीचाही मेल केला. रात्रीचे फोन सध्या थांबलेत. अप्रेझल मार्चमध्ये आहे.