गोदेचा गाळ

बाटलीभर निवळ पाण्यावरून गोदेची परीक्षा करणें आम्हांस अपुरें वाटतें. मूठभर गाळही तपासावयास हवा. तांबें, शिसें, जस्त हे धातू पाण्यांत नाहींसे होत नाहींत. चिकणमातीच्या कणांस व त्यांवरील लोहगंजाच्या पुटांस चिकटून ते तळीं बसतात. नांदूरमध्यमेश्वराच्या बंधाऱ्यामागें (हीच ती पाणथळ, जिला २०२० सालीं रामसर-स्थळाचा मान मिळाला) नाशकाकडील गाळ वर्षानुवर्षें सांचत आला आहे. पण ही ठेव कायमची नव्हे! गाळांतील प्राणवायु सरला कीं तो गंज विरघळतो आणि कित्येक धातू पुन्हां मोकळे होतात. उगमापासून सुमारें १,४६५ किलोमीटरांवर खारें पाणी लागतांच गढूळ कण एकमेकांस बिलगून खालीं बसतात; कॅडमियम मात्र मिठांतील क्लोराइडाशीं सोयरीक जोडून मातीस सोडतें व पाण्यासवें समुद्राकडे निघतें.