सायकलची रानवाट: शोधायची आणि राखायचीही

वसंत ऋतू सुरू झाला की मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मुलांना माउंटन बाइक घेऊन दिली, पण चालवायची कुठे?" सायकल गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या फावड्याशेजारी उभी असते. मुले घरासमोरच्या रस्त्यावर दोन चकरा मारतात आणि कंटाळून आत येतात. चांगली ट्रेल हवी तर पेनसिल्व्हेनियात नाहीतर व्हरमाँटला जायला हवे, असा आपल्यात एक समज आहे. आम्हाला तो मुळीच मान्य नाही. न्यूयॉर्कसारख्या शहराच्या सावलीत राहूनही मध्य न्यू जर्सीत रान अगदी आपल्या दाराशी आहे.

ट्रेल निवडताना तीन प्रश्न विचारावेत. दुपारच्या जेवणापर्यंत घरी परतता येईल का? तिथे सायकलला परवानगी आहे का? आणि तिथली जमीन कशी आहे? पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात. तिसरा आम्हीही विचारला नव्हता. त्याची हकीकत पुढे येईलच.

सुरुवातीला फ्रँकलिन टाउनशिपमधले सिक्स माइल रन. राज्य सरकारने जलाशयासाठी घेतलेली ही जमीन. जलाशय झालाच नाही आणि ३,००० एकरांवर शेते, ओढे आणि झाडी शिल्लक राहिली. आता ती डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल स्टेट पार्कच्या देखरेखीखाली आहे. ट्रेल्सना रंगांच्या खुणा आहेत आणि मोठे चढ नाहीत. शेजारीच १८३४ साली पूर्ण झालेल्या कालव्याचा सपाट काठ आहे. पूर्वी त्यावरून खेचरे नावा ओढत चालत. लहान मुलांनी, तसेच पहिल्यांदाच गिअर बदलणाऱ्या आई-बाबांनी, तिथूनच सुरुवात करावी.

हात बसला की ब्रिजवॉटरचे वॉशिंग्टन व्हॅली पार्क. बालाजीच्या दर्शनाला आपण किती वेळा ब्रिजवॉटरला जातो, पण तिथून जवळच असलेले हे रान आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. ही वॉचंग डोंगरांची जमीन, म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. आपल्या सह्याद्रीचाच दगड, फक्त वयाने पुष्कळ मोठा. ट्रेल खडकाळ आहे, तेव्हा नवशिक्यांनी घाई करू नये. मॉनमथ काउंटीतील अलेअर स्टेट पार्कची जमीन मात्र रेताड आहे, त्यामुळे पावसानंतर ती लवकर सुकते. हडसनपलीकडच्या सभासदांसाठी मॅनहॅटनमध्येच हायब्रिज पार्क आहे. २००७ पासून तिथे माउंटन बाइकला रीतसर परवानगी आहे.

आता ती हकीकत. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पाच कुटुंबे चिकणमातीच्या एका ट्रेलवर गेलो. शुक्रवारी दिवसभर पाऊस झाला होता, शनिवारी लख्ख ऊन पडले. मुले चिखलात नुसती न्हाऊन निघाली. परत आलो तर पार्किंग लॉटमध्ये हातात दाताळे घेतलेले एक वयस्क गृहस्थ उभे. ओल्या ट्रेलवर सायकल घालू नका, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आमच्यातले एक जण लगेच मराठीत म्हणाले, "आपल्यालाच बरे बोलतात हे!" खोटे कशाला बोला, आमच्याही मनात तेच आले होते. सायकली गाडीवर चढवीपर्यंत दोन गोरे तरुण आले. त्या गृहस्थांनी त्यांनाही त्याच शब्दांत सांगितले आणि ते निमूटपणे परत गेले.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा तिथे गेलो. आमच्या चाकांच्या चाकोऱ्या सुकून विटेसारख्या कडक झाल्या होत्या. त्यातल्याच एका चाकोरीत चाक अडकून आमचा मुलगा पडला. कोपर सोलवटले, एवढ्यावरच निभावले.

आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. चिकणमातीवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती, पण ती कळली तेव्हा. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांवरून घसरतात, चाक रुतते आणि पडलेल्या चाकोरीतून पुढच्या पावसाचे पाणी माती वाहून नेते. रेतीत पाणी थांबत नाही, म्हणून तिथे हा त्रास कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर वरचा थर वितळतो आणि खालचा गोठलेलाच राहतो. पाण्याला जायला वाटच नसते. हे समजायला खरे तर डॉक्टरेटची गरज नाही. आपल्याकडचा कोणीही शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. ट्रेललाही वाफसा येऊ द्यावा. पाऊल उमटून पाणी साचत असेल, तर त्या दिवशी कालव्याचा काठ गाठावा किंवा सरळ घरी परतावे.

यापुढचा मुद्दा काहींना रुचणार नाही. रानातल्या या अरुंद वाटा बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक राखतात. पडलेली झाडे कापणे, पाण्यासाठी चर काढणे, खुणा रंगवणे ही कामे ते सुट्टीच्या दिवशी करतात. जर्सी ऑफ रोड बायसिकल असोसिएशनसारख्या संस्था त्यासाठी लोक जमवतात. "आपण टॅक्स भरतो, मग फुकट राबायचे कशाला?" असे आम्हाला विचारले गेले. त्यावर आमचे उत्तर आपल्याच गणेशोत्सवात आहे. वर्गणी सगळेच देतात, पण महाप्रसादानंतर खुर्च्या आवरायला तेच दहा जण थांबतात. कार्यक्रम आपला वाटतो तो त्या दहा जणांना. आपली मुले याच देशात वाढणार आहेत. इथली जमीन त्यांना आपली वाटावी असे वाटत असेल, तर तिच्यावर नुसती चाके फिरवून भागणार नाही.

म्हणून कार्यकारिणीला आमची सूचना आहे. मंडळाने वर्षातून दोन सकाळी ट्रेलवर श्रमदानासाठी द्याव्यात, एक वसंतात आणि एक पानगळीत. काम झाल्यावर सगळ्यांनी मिळून सायकली काढाव्यात आणि शेवटी डबे उघडावेत. न्यू जर्सीत १७ वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचे आहे. मोठ्यांनीही ते घालावे, म्हणजे मुलांना सांगायला तोंड राहते. घरी आल्यावर सगळ्यांचे पाय, काखा आणि केस गोचिडींसाठी नीट तपासावेत, कारण आपल्या भागात लाइम रोग आहे.

दाताळेवाले ते गृहस्थ निघताना म्हणाले होते, "सुकल्यावर पुन्हा या. आणि कामाच्या दिवशीही या." पहिले आमंत्रण आम्ही लगेच स्वीकारले. दुसरे स्वीकारायला ऑक्टोबर उजाडला आणि आलो आम्ही तिघेच. पुढच्या वेळी निदान तेरा जण असावेत. सभासदांनी आपली मते, आणि मुख्य म्हणजे आपली नावे, कार्यकारिणीला जरूर कळवावीत.